पॅकेजमध्ये हत्तीची राइड आहे, घ्यावी का? थायलंडला १७ वर्षं ग्रुप नेणाऱ्याचं उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. डिसेंबरात तुम्ही, बायको, आई-बाबा आणि सहा वर्षांची लेक असे पाच जण आठ दिवस थायलंडला चाललाय, बँकॉक, पट्टाया आणि शेवटी चियांग माई. पॅकेजच्या कागदावर चियांग माईला 'एलिफंट राइड, ३० मिनिटं' असं छापलंय आणि पैसे त्यातच धरलेत. बायको म्हणते हा मुक्या जनावराचा छळ आहे, मी बसणार नाही आणि पोरीलाही बसू देणार नाही. बाबा म्हणतात तिथे हत्तीला देवासारखं मानतात, त्यांचे राजे हत्तीवरून लढले, त्यांचीच परंपरा आहे, आपण अर्धा तास बसलो तर काय बिघडलं. लेकीने शाळेत आधीच सगळ्यांना सांगून ठेवलंय, आणि तुम्ही मधल्यामधे अडकलाय.

मी १७ वर्षं टूर मॅनेजर म्हणून थायलंडला मराठी ग्रुप घेऊन जातोय, साठेक वेळा तरी गेलो असेन. त्यातली पहिली पाच-सहा वर्षं हीच राइड मी बसमध्ये माइक हातात घेऊन स्वतः विकलीय आणि वर कमिशनही घेतलंय. मी हत्तींचा डॉक्टर नाही, चळवळीतलाही नाही. जे सांगतोय ते कॅम्पच्या मागच्या बाजूला उभं राहून बघितलेलं आहे, एवढंच.

उत्तर आधी देऊन टाकतो: राइड घेऊ नका, पण हत्तींना न भेटता पण येऊ नका. का ते आता सांगतो, थोडं लांबेल.

तुमच्या घरच्या वादात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. थाई लोकांच्या आयुष्यात हत्तीची जागा काय, हा एक. आणि तुम्ही जाणार त्या कॅम्पमधल्या एका हत्तिणीचा दिवस कसा जातो, हा दुसरा. बाबा पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला जोडतायत, आणि बायको (रागावू नका) दुसऱ्यातला फक्त राइडचा अर्धा तास बघतायत, उरलेला दिवस नाही.

बाबांची बाजू आधी घेतो, कारण ती बरीच खरी आहे आणि त्यांना नुसतं 'तुमचं चूक' म्हणालात तर ट्रिपभर गाल फुगवून बसतील. थायलंडचा जुना झेंडा, सयाम नाव होतं तेव्हाचा, लाल कापडावर पांढरा हत्ती असा होता, १९१७ साली तो जाऊन आत्ताचा पट्ट्यांचा आला. १३ मार्चला तिथे हत्ती दिन असतो. राजा नरेसुआनने १५९३ साली बर्माच्या युवराजाला हत्तीवरच्या द्वंद्वात मारलं, तो दिवस, १८ जानेवारी, आजही त्यांचा सैन्यदिन आहे, म्हणजे आपल्याकडे पोरांना अफजलखानाची गोष्ट सांगतात तशी तिकडे ही. त्याच्या आधी सुरियोथाई नावाची राणी पुरुषाचा वेष घालून, हत्तीवर बसून लढाईत उतरली आणि नवऱ्याला वाचवताना पडली, अशी त्यांची कथा आहे.

देवांचं तर आपलंच घर आहे. इंद्राचा ऐरावत तिथे एरावान होतो, त्याला ३३ डोकी असतात पण मूर्तीत सोयीसाठी तीनच दाखवतात, आणि बँकॉक महापालिकेच्या बोधचिन्हावर एरावानवर बसलेला इंद्र आहे. गणपती म्हणजे फ्रा फिकानेत, त्यांच्या ललित कला खात्याच्या चिन्हावर तोच आहे. बँकॉकमधल्या एरावान देवळात मात्र आपले लोक 'हत्तीचं देऊळ' म्हणून जातात आणि आत चार तोंडांचा ब्रह्मदेव बघून गोंधळतात, लाकडी हत्ती तिथे नवसाला वाहिलेले असतात. खेड्यात अजून गरोदर बाईला हत्तीच्या पोटाखालून चालायला लावतात, बाळंतपण सुखाचं होतं म्हणून.

आणि पांढरा हत्ती. आपण मराठीत 'पांढरा हत्ती पोसणे' म्हणतो ते तोट्याच्या महामंडळांसाठी. पण तिकडे पांढरा हत्ती हा राजाच्या पुण्याईचा पुरावा आहे, सापडला की तो राजाचा, आणि तो पांढरा नसतोच मुळी. फिकट, गुलाबीसर कातडी, डोळे, नखं, टाळू, शेपटीचे केस असं सगळं जाणकार तपासतात मग ठरतं. एकदा माझ्या ग्रुपमधल्या एका काकांनी गाइडला ठासून सांगितलं की 'हा तर साधा हत्ती आहे, धुतलेला', तेव्हा गाइडचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

इतकं सगळं असताना बाबांचा मुद्दा कुठे ढिला पडतो? बसतं कोण, इथे. त्या द्वंद्वात राजा हत्तीच्या मानेवर बसायचा, हातात लांब दांड्याचं शस्त्र. मधे पाठीवर दुसरा माणूस, तो शस्त्रं पुरवायचा आणि इशारे द्यायचा. माहुत पार मागे, ढुंगणावर. आणि खाली चार पायांना चार रक्षक, त्यांना ते चतुरंगबात म्हणतात, म्हणजे आपलं चतुरंगपाद, शब्दसुद्धा आपलाच. राजाच्या खालोखाल हत्तीवर बसला तो काम करणारा माणूस, जंगलात सागाचे ओंडके ओढवून घेणारा, किंवा सुरिन भागातले कुय लोक ज्यांचा पिढ्यानपिढ्या रानहत्ती पकडायचा धंदा होता. साधा थाई माणूस पोराबाळांना घेऊन रविवारी हत्तीवर फिरायला जातोय ही परंपरा कधी नव्हती. उलट थाई भाषेत एक गंमत आहे, रानातला हत्ती मोजताना जनावराला लावतात तो साधा शब्द लावतात, पण पाळलेला हत्ती मोजताना 'च्युअक' म्हणतात, म्हणजे दोरखंड. तीन हत्ती नाही, हत्ती तीन दोर. पाळलेला हत्ती म्हणजे काय हे त्या भाषेने आधीच सांगून ठेवलंय.

मग ही लाकडी बाकडं कुठून आली? १९८८ च्या नोव्हेंबरात दक्षिणेकडे भयंकर पूर आले, तोडलेल्या डोंगरांवरून ओंडक्यांसकट चिखल गावांवर आला, शेकड्याने माणसं गेली. १९८९ च्या सुरुवातीला सरकारने जंगलतोडीवर देशभर बंदी घातली. चांगलंच झालं. पण एका फटक्यात हत्ती आणि माहुत दोघंही बेकार झाले. हत्तीला दिवसाला दीडशे-दोनशे किलो चारा लागतो, तो काही बेकारी भत्त्यावर जगत नाही. मग काही जण हत्ती घेऊन बँकॉकच्या रस्त्यावर केळी विकायला आले, वीस बाहतला पिशवी, तुम्हीच घ्या आणि हत्तीलाच घाला. माझ्या पहिल्या ट्रिपला सुखुमवितच्या फुटपाथवर रात्री अकराला शेपटीला लाल दिवा बांधलेला हत्ती मी बघितलाय, मागून टॅक्सी धडकू नये म्हणून दिवा. पुढे शहरात ते बंद केलं. बाकीचे गेले टुरिस्ट कॅम्पात. म्हणजे ही 'परंपरा' १९९० नंतर फोफावलेली आहे, तुमच्या बाबांच्या प्रॉव्हिडंट फंडाच्या खात्यापेक्षा लहान असेल.

आता दुसरा प्रश्न. हत्तीच्या पाठीला नक्की काय होतं, यावर इंटरनेटवर फार आरडाओरडा आहे म्हणून मला दिसलं तसं सांगतो. घोड्याची पाठ मधे थोडी खोलगट असते, हत्तीची कमानीसारखी वर आलेली, आणि मणक्यांचे काटे वरच्या बाजूला उभे, त्यावर मांसाची गादी फार नाही. खुर्ची ठेवायची म्हणजे त्या कण्यावर किंवा त्याच्या दोन्ही अंगाला. मानेमागे एकटा माहुत बसतो ते वेगळं, आणि लोखंड-लाकडाची दोघांची खुर्ची, खाली पोती, वर सत्तर-ऐंशी किलोचे दोन पाहुणे, हे वेगळं. तरी प्रामाणिकपणे सांगायचं तर नुसत्या वजनाने तीन टनाचं जनावर मोडतं असं नाही, चियांग माई विद्यापीठाच्या लोकांनी हत्तींच्या चालीचा अभ्यास केला तेव्हा शरीराच्या वजनाच्या १५ टक्क्यांपर्यंत ओझं असतानाही चाल फारशी बदललेली दिसली नव्हती. त्यामुळे 'एकदा बसलात की हत्तीचा कणा मोडला' असं कोणी म्हणालं तर ते पण अति आहे. मग मी का थांबलो?

२०१३ चा जानेवारी. ४२ जणांचा ग्रुप, चियांग माईच्या बाहेर नदीकाठचा एक कॅम्प. आम्हाला जेवायला साडेबाराला हॉटेलवर पोचायचं होतं (जैन जेवण होतं, उशीर चालणार नव्हता), त्यामुळे मी कॅम्पवाल्याला सांगितलं की दीड तासात सगळे संपव. त्याच्याकडे त्या दिवशी ७ हत्ती मोकळे होते. ४२ माणसं, दोन-दोन करून २१ फेऱ्या, म्हणजे प्रत्येक हत्तीला सलग तीन, मधे पाणी नाही. आम्ही निघालो तेव्हा गेटवर दुसरी बस लागत होती. संध्याकाळी एका मावशींचा चष्मा राहिला म्हणून मी एकटाच टुकटुकने परत गेलो. तेव्हा खुर्च्या उतरवत होते.

एक म्हातारा माहुत होता, सगळे त्याला लुंग म्हणायचे, म्हणजे काका. त्याने पोटाचा पट्टा सोडला, मग शेपटीखालून गेलेला दोर. त्या दोरावर बागेला पाणी घालायचा प्लास्टिकचा पाइप चढवलेला होता, कातडी कापू नये म्हणून, तरीही शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना कातडी सोललेली. खुर्ची उचलली, पोती उचलली, सगळ्यात खालचं पोतं चिकटलं होतं ते त्याने हळूच, पाणी मारून सोडवलं. खाली तळहाताएवढी ओली जखम, भोवती केस गेलेले, आणि त्यावर जांभळं औषध आधीच कधीतरी लावलेलं. वास अजून लक्षात आहे. हत्तीण शांत उभी होती, सोंडेने माती उचलून पाठीवर टाकत होती, तर लुंग ती माती पुन्हा पुन्हा हाताने झाडत होता, जखमेत जाऊ नये म्हणून. माझ्या डोक्यातला माहुत म्हणजे अंकुश टोचणारा राक्षस, आणि हा माणूस आईसारखी माती झाडतोय.

मोडक्यातोडक्या थाईत विचारलं, हे कशाने. तो म्हणाला चार-पाच फेऱ्या असतात तेव्हा होत नाही, आज बारा झाल्या, या महिन्यात रोज बारा. आणि मग काहीच राग न दाखवता म्हणाला, सकाळी तुमचे लोक घाईत होते ना.

तेव्हापासून माझा एकच निकष झालाय. राइड आहे की नाही यापेक्षा, हत्तीचा दिवस कोणाच्या घड्याळाने चालतो? जनावर आपल्या मर्जीने सोळा-अठरा तास खातं, चालतं, चिखलात लोळतं, थोडं झोपतं. त्याला बसच्या टायमिंगवर आणलं की भानगडी सुरू, जखमा, सिमेंटवर उभं राहून कुजलेली नखं, कळपात न मिसळता एकेकटं साखळीवर काढलेले तास. आणि माणसं पाठीवर घेऊन शांत चालायला लागावं यासाठी पिल्लाला आईपासून तोडून जी 'शिकवणूक' देतात ती वेगळीच. लाकडी पिंजऱ्यात बांधून ठेवतात, त्याबद्दल इथे तपशील लिहीत नाही, तुमची लेक वाचता येणारी असेल. सगळीकडे सारखीच क्रूर असते असं नाही, पण पूर्ण मऊ असते असं सांगणारा मला कोणी भेटलेला नाही.

आता 'परिस्थितीवर अवलंबून' वाला भाग, कारण इथे बायकोच्या बाजूलाही थोडं ऐकून घ्यावं लागेल. 'सगळे कॅम्प बंद करा, हत्ती जंगलात सोडा' हे बोलायला सोपं. थायलंडमध्ये पाळलेले हत्ती तीन-साडेतीन हजारांच्या वर आहेत, जवळजवळ सगळे खाजगी मालकीचे. कायद्याने रानहत्ती वन्यजीव, त्याला पूर्ण संरक्षण. पण पाळलेला हत्ती १९३९ च्या ओझेवाहू जनावरांच्या कायद्यात येतो, म्हणजे बैल, रेडा, घोडा, खेचर यांच्या पंगतीत. एकेका हत्तीची किंमत लाखो बाहत, बऱ्याचदा कुटुंबाची सगळी पुंजी तीच, जमिनीसारखी गहाणही पडते. आणि माणसात वाढलेली चाळीस वर्षांची हत्तीण रानात सोडली तर ती दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी उसात उभी, जशी आपल्याकडे दोडामार्गात हत्ती केळीच्या बागेत उतरले की काय होतं ते आपण बघतोच.

करोनात हे सगळं उघडं पडलं. २०२० च्या मार्चनंतर पाहुणे शून्य, राइड शून्य, म्हणजे काही लोकांच्या मते हत्तींचा स्वर्ग यायला हवा होता. झालं काय तर कॅम्पांकडे चाऱ्याला पैसे नाहीत. शंभराहून जास्त हत्ती माहुतांबरोबर चालत मे चेमसारख्या डोंगरातल्या करेन या डोंगरी जमातीच्या गावांकडे परत गेले, काही दीडशे किलोमीटर चालले. ज्यांच्या गावाला रान आणि चारा होता त्यांचं निभावलं, ज्यांना गाव नव्हतं ते साखळीवर बारीक होत गेले. लुंगची हत्तीण गावाला गेली आणि पुन्हा कॅम्पात आलीच नाही, असं मला दुसऱ्या माहुताने सांगितलं, गावातच कोणी पाहुणे आले तर लांबून बघतात आणि जेवतात, त्यावर चाललंय. त्यामुळे 'आम्ही बहिष्कार टाकला' म्हणून हात झटकून येण्यात मला काही मोठं वाटत नाही. पैसे द्या, पण हत्तीला त्याच्या वेळेने जगू देणाऱ्याला द्या.

इथे आपल्याकडचंही आठवतं. नांदणीच्या मठातल्या माधुरी हत्तिणीला २०२५ च्या जुलैत गुजरातच्या वनताराला नेलं तेव्हा कोल्हापुरात जे झालं त्यात दोन्हीकडच्या लोकांचं हत्तीवर प्रेमच होतं. म्हणून थाई लोकांना ट्रिपवर जाऊन उपदेश करू नका प्लीज, आपल्या ग्रुपमधले लोक आमेरच्या किल्ल्यावर हत्तीवरून चढून आलेले असतात आणि चियांग माईत गाइडला लेक्चर देतात.

आता सगळ्यात फसवा भाग, 'सँक्चुअरी'. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण या धंद्यासाठीच आहे असं वाटतं. राइडला लोक नाकं मुरडायला लागल्यावर २०१५ नंतर पटापट पाट्या बदलल्या, सँक्चुअरी, इको, एथिकल, रेस्क्यू. या शब्दांना तिथे कुठलं सरकारी लायसन लागत नाही, कोणीही पाटी लावू शकतो. काहींनी खरंच मनापासून बदल केला, चियांग माईजवळच्या एका फार जुन्या, मोठ्या कॅम्पने २०२० मध्ये खुर्च्या काढून टाकल्या. पण काहींनी खुर्ची काढली आणि आंघोळ आणली. सकाळी ९ ला आंघोळ, ११ ला आंघोळ, १ ला, ३ ला, प्रत्येक बॅचमध्ये वीस माणसं बादल्या घेऊन त्याच हत्तीच्या अंगावर. हत्तीला दिवसातून चार वेळा आंघोळ नको असते हो, आणि आंघोळीनंतर तो स्वतः माती टाकून घेतो ती कातडीला ऊन आणि किडे लागू नयेत म्हणून, ती आपण परत धुवून टाकतो.

शिवाय पाण्यात, निसरड्यावर, हत्तीच्या सोंडेच्या टप्प्यात उभं राहणं हे धोक्याचं आहे. २०२५ च्या जानेवारीत को याव या बेटावर एका तरुण स्पॅनिश विद्यार्थिनीचा हत्तीला आंघोळ घालतानाच मृत्यू झाला. २०१६ ला को सामुईवर राइडमध्ये एक ब्रिटिश पाहुणा गेला होता. रोज हजारो लोक सुखरूप परत येतात हे खरं, पण तुमच्याबरोबर सहा वर्षांची मुलगी आहे आणि गुडघे धरलेल्या आई आहेत, तेव्हा आंघोळवाला प्रोग्रामही मी तुम्हाला घेऊ देणार नाही. त्यात डिसेंबर म्हणजे थंडी, नर हत्ती माजावर येण्याचे दिवस. चांगल्या ठिकाणी असा नर वेगळा ठेवतात आणि पाहुण्यांना लांब ठेवतात. कानशिलावरून काळा ओघळ दिसला की मागे व्हायचं, फोटो नंतर.

मग ओळखायचं कसं? मी बुकिंगच्या आधी एकच प्रश्न विचारतो, 'दुपारी दोन वाजता तुमचे हत्ती कुठे असतात?' उत्तर 'सर, तुम्ही म्हणाल तिथे' असं आलं की मी फोन ठेवतो. उत्तर 'रानाच्या बाजूला चरत असतात, दिसले तर दिसले' असं आलं की पुढे बोलतो. बाकी वेबसाइटवरच्या फोटोत बघा, पाहुणे हत्तीला मिठ्या मारतायत का, चित्रं काढणारा, फुटबॉल खेळणारा हत्ती आहे का, एकटी पिल्लं आहेत का (पिल्लू असेल तर आई जवळ हवी), एका बॅचला किती माणसं. अंकुश दिसला म्हणून लगेच किंचाळू नका, माजलेला हत्ती थांबवायला तो माहुताकडे असतोच, तो वापरतो कसा ते बघायचं. साखळीही तसंच, रात्री लांब साखळी आणि दिवसभर आखूड साखळी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हत्ती जागच्या जागी डोकं डावी-उजवीकडे हलवत डोलत उभा असेल तर आपले लोक 'नाचतोय बघा' म्हणून व्हिडिओ काढतात. तो नाचत नसतो, वर्षानुवर्षं बांधून ठेवल्याची सवय असते ती.

आता प्रत्यक्ष काय करायचं. पॅकेजवाल्याला आजच लेखी कळवा की राइड नको, त्याऐवजी चियांग माईजवळच्या मे तेंग किंवा मे वांग खोऱ्यातला अर्धा दिवसाचा, राइड आणि आंघोळ नसलेला प्रोग्राम हवा. फरक बहुतेक हजार-दीड हजार बाहत माणशी पडेल, अर्ध्या दिवसाला साधारण दीड ते अडीच हजार बाहत असतात, जेवणासकट. 'सर सगळे राइडच घेतात' असं उत्तर येईल, त्यावर वाद न घालता फक्त राइडचे पैसे वजा करून द्या म्हणा आणि तिथलं आपलं आपण बुक करा. तिकडे गेल्यावर काय होतं, तर उसाचे तुकडे आणि केळी कुंपणाच्या अलीकडून द्यायची, मग माहुताबरोबर तासभर टेकाडावरून बघत बसायचं. पहिली पंधरा मिनिटं मुलगी कंटाळेल, मग एखादी हत्तीण सोंडेने झाड हलवून चिंचा पाडायला लागते किंवा दुसरीच्या तोंडातलं पळवते आणि तिथून पुढे तिला उठवणं मुश्कील, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता ग्रुपला सांगतो, पाव तास फक्त धीर धरा. तिथे दाट सावली कमी असते, आईंसाठी घडीचं स्टूल विचारून घ्या.

रानातलेच हत्ती बघायचे असतील आणि एखादा दिवस वाढवता येत असेल तर कुई बुरी नॅशनल पार्क, बँकॉकच्या दक्षिणेला, संध्याकाळी वनखात्याच्या गाडीतून जातात, दिसण्याची शक्यता खूप चांगली. पण आई-बाबांना घेऊन तो प्रवास लांब पडेल, पुढच्या वेळी. हस्तिदंताच्या वस्तू दुकानात दिसतील, घेऊ नका, आणायला बंदी आहे, विमानतळावर निस्तरता येणार नाही. आणि हत्तींचं चित्र असलेल्या त्या ढगळ पँटी घ्याच, सगळे घेतात, बाबासुद्धा घालतात दुसऱ्या दिवसापासून.

बाबांसाठी मात्र एक वेगळा जुगाड करा, कारण त्यांचा परंपरेचा मुद्दा तुम्ही मोडला तर बदल्यात काहीतरी द्यायला हवं. बँकॉकहून पट्टायाला जाताना थोडी वाट वाकडी करून चाचेंगसाओला थांबा, बँकॉकपासून ऐंशी किलोमीटरच्या आसपास. तिथे ख्लोंग ख्वेअनला उभा गणपती आहे, ब्राँझचा, ३९ मीटर उंच, चारही हातात मोदक-परशू नाहीत, त्याऐवजी फणस, ऊस, केळी, आंबा. आणि वाट समान म्हणून देवळात नदीकाठी गुलाबी रंगाचा पहुडलेला गणपती. पट्टायाच्या बसमध्ये गाणी लावायची घाई असलेल्या ग्रुपमधले लोकसुद्धा तिथे गप्प होतात.

त्या देवळात गणपतीसमोर उंदीर आहेत रंगीबेरंगी, जन्मवाराप्रमाणे एकेक रंग, त्यामुळे लेकीचा जन्मवार आधी कॅलेंडरवर बघून ठेवा, मोबाइलवर तिथे शोधत बसू नका, रांग असते. आपल्या वाराच्या उंदराच्या कानात इच्छा सांगायची, आणि सांगताना त्याचा दुसरा कान हाताने झाकायचा, नाहीतर या कानातून त्या कानाने निघून जाते म्हणतात. तिचा हात पोचणार नाही, उचलून धरायला बाबांना सांगा.